जड बाजू चढाकडे

मी गावात पोचलो तेव्हा मशीन कुत्रं बसतं तसं ढुंगणावर बसलेलं होतं. पुढची दोन्ही चाकं अधांतरी, बकेट आभाळाकडे, सगळा भार मागच्या इंजिनावर. तळ्यातून वर येणाऱ्या चढावर, अगदी मध्यावर ते अडकलं होतं. भोवती अर्धं गाव उभं होतं आणि प्रत्येकाकडे एकेक सल्ला होता.

"दोर लावून खाली वढा."

"खाली कशाला? वरच वढा."

"आधी नारळ फोडा. त्याबगर हालायचं न्हाई ते."

"आधी सगळे बाजूला व्हा," मी ओरडलो. "खालच्या अंगाला कोणी थांबायचं नाही. हे अजून पडायचं थांबलेलं नाही."

माझा आवाज मोठा आहे. वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाचा असतोच. लोक हटले.

ही दुष्काळाच्या दिवसांतली, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नगरला एका मिशनच्या मदतसंस्थेच्या वर्कशॉपमध्ये मी फोरमन होतो. गाव जामखेड तालुक्यातलं, खर्ड्याच्या पलीकडचं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजूनही भेटली की माझ्याशी हक्काने भांडतात.

संस्थेला परदेशातून बोटीने एक छोटं मशीन आलं होतं. कागदावर नाव स्किड स्टीअर लोडर. त्याला स्टीअरिंगचं चाकच नसतं. दोन लिव्हर असतात. डावा लिव्हर डाव्या बाजूची चाकं चालवतो, उजवा उजव्या बाजूची. दोन्ही पुढे ढकलले की मशीन पुढे जातं. एक पुढे आणि एक मागे केला की चाकं घासत जागच्या जागी गिरकी घेतं. समोर माती उचलायची बकेट, म्हणजे मोठं लोखंडी सुपडं. ते धरणारे दोन लोखंडी हात चालवणाऱ्याच्या दोन्ही खांद्यांशेजारून पुढे गेलेले. आणि इंजिन पाठीमागे, सीटच्या मागे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. सगळी भानगड तिच्यात आहे.

गावाने त्याचं नाव ठेवलं होतं 'मिशनचा गोऱ्हा'. गोऱ्हा म्हणजे नुकता कामाला लागलेला तरुण बैल. नाव अगदी बरोबर होतं. गावातले खरे बैल तेव्हा छावणीत होते, कारण गावात त्यांना ना चारा होता ना पाणी. बैल नाहीत म्हणून गाड्या पडून. कोरड्या तळ्याच्या मधोमध एक डोह होता, तिथे गाळ अजून ओला होता. तो काढायचं काम चालू होतं. गाळ निघाला तर परतीच्या पावसाचं पाणी तळ्यात थांबणार, नाहीतर थाळीत ओतल्यासारखं सांडून जाणार. मशीन यायच्या आधी हा गाळ बायका घमेल्यांनी डोक्यावरून त्या चढावर वाहत होत्या. मशीन आल्यावर त्यांच्या माना सुटल्या. त्यांनी खणायचं, भरायचं आणि चढ मशीनने चढायचा, अशी वाटणी झाली होती.

आणि आता मशीन ढुंगणावर बसलं होतं. ऑपरेटर फ्रान्सिस नगरच्या दवाखान्यात होता, पायाला प्लास्टर. मी त्याला भेटूनच आलो होतो.

"पुढून उठलं रे," तो म्हणाला होता. "मी घाबरून बाजूला उडी टाकली. त्या लोखंडी हातात पाय अडकला."

आम्ही ट्रक वर सपाटीला उभा केला, साखळी बांधली आणि मशीन इंचाइंचाने चाकांवर आणलं. थोरात साहेब, म्हणजे आमचे इंजिनिअर, जीपला टेकून पाहत होते. माणूस सज्जन. पण एका ऑपरेटरचा पाय मोडला होता आणि त्याच्या बायकोला तोंड साहेबांनाच द्यावं लागलं होतं.

"शमुवेल, हे ट्रकवर चढव आणि नगरला घेऊन चल," ते म्हणाले. "याचा बॅलन्सच चुकीचा आहे."

"साहेब, हे इतके दिवस रोज हाच चढ चढलंय. तेव्हा बॅलन्स कुठे होता?"

"तेच तर कळत नाही ना! जे कळत नाही ते मी लोकांमध्ये ठेवणार नाही."

हे ऐकून घोळक्यातून एक बाई पुढे आली. बांधेसूद, पदर कमरेला खोचलेला, हातात खोरं. ती मुक्ताबाई, तिथल्या बायकांच्या टोळीची मुकादम.

"सायेब, मशीन नेता व्हय? मंग जाताना आमच्या माना बी काढून न्या. ठिवून काय करायच्या?"

मी बकेटमध्ये डोकावलो. आत कोरडं, स्वच्छ. मातीचं ढेकूळसुद्धा नाही. मला तिथंच खटकलं.

"मुक्ताबाई, पडलं तेव्हा बकेट भरलेली होती का?"

"न्हाई. रिकामंच हुतं. डिझेल सपत आलं, पिंप वर वेशीपाशी, म्हनून तसंच वर काढलं."

"एरवी?"

"एरवी कशाला रिकामं जाईल? खाली येताना रिकामं, वर जाताना भरल्यालं. सांजच्याला शेवटची खेप बी भरूनच."

मी मोठ्याने हसलो. साहेबांना वाटलं, उन्हाने माझं डोकं फिरलं.

गोष्ट साधी होती. बकेट रिकामी असली की या मशीनची जड बाजू मागची, कारण इंजिन मागे. बकेट भरली की जड बाजू पुढची. आणि चढावर नियम एकच. जड बाजू चढाकडे. भरलेलं असेल तर तोंड पुढे करून चढायचं. रिकामं असेल तर रिव्हर्समध्ये, पाठ पुढे करून. उतरतानाही तेच, जड बाजू वरच्या अंगाला राहिली पाहिजे. फ्रान्सिस भरून चढायचा आणि रिकामा उतरायचा. दोन्ही वेळा आपोआप बरोबर. नियम त्याला कोणी सांगितलाच नव्हता, आणि रोज बरोबर होत असल्यामुळे कोणी विचारलाही नव्हता. ज्या दिवशी पहिल्यांदा रिकामा चढला, त्या दिवशी उलटला.

मी हे साहेबांना सांगत होतो, तर मागून सरपंच नाना म्हणाले, "म्हंजी गाडी उलाळ झाली म्हना की."

बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उठतं आणि बैलांच्या मानेला हिसका बसतो. त्याला उलाळ होणं म्हणतात. मी दहा वाक्यांत सांगितलं ते नानांनी एका शब्दात उरकलं. आजूबाजूची डोकी हलली.

साहेब मात्र लगेच हलणारे नव्हते. "पोळ्याला मी जामखेडला येणार आहे," ते म्हणाले. "तेव्हा मला हा चढ चढून दाखव. पटलं तर ठेवतो. नाही पटलं तर त्याच दिवशी ट्रकवर. आणि तोपर्यंत याला कोणी चालवायचं नाही."

मी तिथेच राहिलो. मधल्या दिवसांत मशीन ट्रकवर घालून जामखेडला नेऊन वेल्डरकडून पाइपचा पिंजरा बनवून घेतला, सीटवर डोक्यापर्यंत. ट्रकचा कॅनव्हासचा पट्टा कापून कमरेला बेल्ट केला. विचार असा की उलटलं तरी चालवणाऱ्याने उडी टाकायची नाही. पिंजऱ्यात बसून राहायचं, बेल्ट बांधून. पळायला गेला तो अडकला. गावात परत आलो तर पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे हसले.

"मिस्तरी, पोपट कवा आननार?" नानांनी विचारलं.

"मीच पोपट," मी म्हणालो. "नीट बोललो तर ऐका, एवढंच."

मशीन ट्रकच्या साखळीने डोहाजवळ उतरवून ठेवलं आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी जरा आडवा झालो. उठून बघतो तर मशीन पिवळंधमक. गावात बैल नाहीत, मग खांदेमळणी कोणाची करायची? गोऱ्ह्याची. खांदेमळणी म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तेल-हळद चोळून त्याला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. या लोकांनी मशीनच्या दोन्ही हातांना तेल-हळद चोळली होती. तेवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण बैलाचे पायही धुतात, म्हणून त्यांनी पायाखालचे पेडलही तेल लावून चकचकीत केले होते. आणि मुक्ताबाई मशीनच्या कानाशी, म्हणजे लिव्हरपाशी वाकून सांगत होती, "आज आवतन घ्या, उंद्या जेवाया या."

मला एकीकडे गहिवरून आलं आणि दुसरीकडे राग. या मशीनची बकेट पायांनी वरखाली होते. तेलकट पेडलवरून पाय सटकला की बकेट कुठे जाईल सांगता येत नाही.

"अहो, बैलाचा पाय घसरला तर बैल पडतो," मी म्हणालो. "इथं माझा पाय घसरला तर तुम्ही पडाल!"

मुक्ताबाईने आपला पदर घेतला आणि पेडल पुसायला लागली. मी फडकं आणून उरलेलं राखेनं कोरडं केलं. हातांवरची हळद तशीच ठेवली. मी ख्रिस्ती, पण आमच्याकडेही बैल होते आणि पोळ्याला त्यांना पुरणपोळी मिळायची. देव बदलला म्हणून बैल बदलत नाही, असं आमचे आजोबा म्हणत.

पोळ्याच्या दिवशी साहेब आले. चढाच्या वरच्या टोकाला, वेशीत, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. दरवर्षी मानाचा बैल शिंगाने तोरण तोडत पहिला जातो, मग बाकीचे. यंदा मान गोऱ्ह्याला. बकेटला बाशिंग बांधलेलं, अंगावर गेरूचे ठिपके, पिंजऱ्याला घुंगरू. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या पिठाच्या पोळ्यांचा नैवेद्य तयार. हलग्या कडकडत होत्या.

मी खाली डोहाजवळ मशीनवर बसलो, बेल्ट बांधला आणि सगळ्यांना मोठ्याने सांगितलं की मशीन रिकामं आहे, म्हणून मी ते रिव्हर्समध्ये वर आणणार.

हलग्या थांबल्या.

"पाठमोरं?" नाना म्हणाले. "मानाचा बैल शेपटीकडनं वेशीत आनता? मिस्तरी, आमच्या सात पिढ्यांत असं झालं न्हाई."

"तुमच्या सात पिढ्यांत इंजिन मागे असलेला बैल होता का, नाना?"

"त्ये मला ठावं न्हाई. तोंड पुढं पाहिजे."

"मग बकेट भरा. भरलं की तोंड पुढे करून आणतो."

"पोळ्याच्या दिशी बैलावर वझं?" आता सगळेच बोलायला लागले. पोळ्याला बैलाला जुंपत नाहीत, पाठीवर काडीसुद्धा ठेवत नाहीत. "पाप लागंल की!"

झालं. पाठमोरं आणायचं नाही आणि भरायचंही नाही. म्हणजे फ्रान्सिस उलटला तसंच मला उलटवायचं, पण विधिपूर्वक. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मला समजत होती. ट्रक वर उभाच होता.

मग नानांना तोडगा सुचला. धोतर सावरून ते सरळ बकेटकडे निघाले. "मीच बसतो सुपात. वजन बी झालं, अन् बैलाबरुबर मालक बी झाला. माझं वजन काय कमी न्हाई."

"नाना, बकेटमध्ये चढू नका."

"का? माझा मान न्हाई का?"

"मान आहे म्हणूनच. माती सांडली तर परत भरता येते. तुम्ही सांडलात तर?"

लोक हसले, नाना रागावले. मी बेल्ट सोडला आणि हाताची घडी घालून बसलो. "बकेटमध्ये माणूस बसणार असेल तर मी इंजिन चालू करत नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही." माझा स्वभाव तेव्हाही असाच होता.

तेवढ्यात मुक्ताबाई पुढे झाली. तिने नानांना नाही, सगळ्या बायकांना विचारलं, "काय गं, मातीचे बैल केले का कोनी?"

ज्यांच्या घरी बैल नाहीत ते पोळ्याला मातीचे बैल करून पुजतात. त्या वर्षी तर घरोघर तेच करायचं होतं.

"कशाचे करनार?" एकजण म्हणाली. "चिकन माती डोहात. दिस मावळायच्या आत खाली जाऊन आनायची हाय."

"मंग आना की आत्ताच. ह्या सुपात भरा." मुक्ताबाई नानांकडे वळली. "नाना, गावातल्या समद्या बैलांची माती ही. त्ये काय वझं हाय? त्यो तर देव हाय. देवाला डोक्यावर घ्यायला बैलाला कवा पाप लागलंय?"

नाना बकेटपासून बाजूला झाले. मग म्हणाले, "भरा."

सांगतो, मी पुष्कळ इंजिनिअर बघितले. असा तोडगा एकालाही सुचला नसता, मलाही नाही. बायकांनी डोहातली काळी, लोण्यासारखी माती घमेल्यांनी भरली. बकेट शिगोशीग भरेपर्यंत मी थांबायचा हात केला नाही.

"आता सगळे चढाच्या बाजूंना. खाली, मागे कोणी नाही. आणि हलग्या बंद. मला इंजिन ऐकू आलं पाहिजे."

बेल्ट बांधला. इंजिन चालू केलं. बकेट जमिनीपासून वीतभर उचलली, जास्त नाही. भरलेली बकेट उंच धरून चढणं म्हणजे डोक्यावर घागर घेऊन टाचांवर चालण्यासारखं आहे. दोन्ही लिव्हर एकदम, सावकाश पुढे ढकलले.

गोऱ्हा निघाला. ज्या जागी फ्रान्सिसचं मशीन उठलं होतं तिथे चाकांच्या खुणा अजून होत्या. तिथे पोचलो तेव्हा मी लिव्हर आणखी सावकाश ढकलले. पुढची चाकं जमिनीला चिकटून राहिली. मातीने त्यांना दाबून धरलं होतं.

"बकेट वर घ्या!" नाना ओरडले. "तोरन शिंगानं तुटाया पायजे!"

मी मान हलवून नाही म्हणालो. बकेट वीतभरच राहिली. चढ संपला, सपाटी आली, आणि पिंजऱ्याचे घुंगरू खणखणले. माझ्या पिंजऱ्याचा वरचा पाइप तोरणात घुसला होता. तोरण तुटलं आणि आंब्याची पानं माझ्या मांडीवर पडली.

मग जो दंगा झाला! हलग्या, शिट्ट्या, गुलाल. नाना पिंजऱ्यावर थापा मारत म्हणत होते, "पोपटानं तोडलं! पोपटानं तोरन तोडलं!" मी बकेट जमिनीला टेकवली, इंजिन बंद केलं, बेल्ट सोडला आणि मगच उतरलो. मला उचलायला आलेल्यांना तेवढा वेळ थांबावं लागलं. मला इतका आनंद झाला होता की मी मुक्ताबाईच्या पाया पडलो. ती मागे सरकली. "अवं मिस्तरी, गुलाल लागतोय, सरका," म्हणाली.

साहेबांनी हात मिळवला, पण चेहरा अजून गंभीरच.

"तू चढवलंस, मानलं. पण उद्या तू नगरला परत येशील. नवा ऑपरेटर येईल. पेडलला तेल लावणारं, बकेटमध्ये सरपंच बसवणारं हे गाव. त्याला कोण अडवणार? ज्यांना हे मशीन समजलेलं नाही, त्यांच्यात मी ते ठेवू कसं?"

मुद्दा बरोबर होता.

संध्याकाळी पूजेला आम्हाला मुक्ताबाईच्या घरी बोलावलं. पाटावर ओळीने मातीचे बैल मांडलेले, ओले, काळे. आणि सगळ्यांच्या पुढे, मानाच्या जागी, एक छोटं मातीचं मशीन. चार चाकं, दोन हात, काड्यांचा पिंजरा. पुढे इवलंसं सूप. त्या सुपात मातीचा एक गोळा दाबून बसवलेला.

साहेब वाकून बघू लागले. "हे फारच हुबेहूब आहे. हा गोळा कशाला?"

"त्याबगर ऱ्हात न्हाई सायेब," मुक्ताबाई म्हणाली. तिने गोळा काढून दाखवला. मागे इंजिनाची माती जाड होती. मशीन डुललं आणि ढुंगणावर बसलं. तिने गोळा परत सुपात ठेवला, मशीन चाकांवर आलं. "रिकामं असलं की उलाळ व्हतंय. मंग पाठ चढाकडं करायची. भरलं की तोंड चढाकडं. नवा गडी येऊ द्या, आधी हितं आनून ह्ये दाखवते, मंगच खाली सोडते त्याला."

साहेबांनी तो गोळा स्वतः काढून परत ठेवून पाहिला. मग बाहेर गेले आणि ट्रकवाल्याला म्हणाले, "तू रिकामाच परत जा."

गाळ निघाला. परतीचा पाऊस फार नाही, पण पडला, आणि पडला तेवढा तळ्यात थांबला. छावणीतले बैल घरी आले तेव्हा पहिलं पाणी त्याच तळ्यात प्यायले. ते बघायला मी मुद्दाम गेलो होतो. फ्रान्सिसही आला होता, काठी टेकत. मुक्ताबाईने त्यालाही सोडलं नाही. मातीचं मशीन समोर ठेवून सगळं समजावलं, आणि तो शाळेतल्या पोरासारखा ऐकत बसला.

पुढे मी पुष्कळ लोकांना मशीनं शिकवली. पहिल्या दिवशी नियम सांगतो. जड बाजू चढाकडे, बेल्ट बांधून, बकेट खाली, बकेटमध्ये माणूस नाही. आणि दुसरी गोष्ट सांगतो ती अशी की रोज बरोबर होतंय म्हणून निर्धास्त राहू नका, का बरोबर होतंय ते एकदा विचारा. काहीजण ऐकतात, काहीजण मान डोलवतात. मान डोलवणाऱ्यांना मी मातीचा गोळा देतो आणि म्हणतो, मशीन करून आणा, उभं राहिलं तर उद्यापासून या.